चिठ्ठीत कुणाचं नाव किती वेळा

गेल्या अंकात मी विचारलं होतं की तुमच्या घरातली आठवी ते बारावीची मुलं सध्या काय वाचतायत. आलेल्या पत्रांतली बरीचशी एकाच प्रकारच्या पुस्तकांबद्दल आहेत: भविष्यातलं एखादं राज्य, त्याचे कडक नियम, आणि त्या नियमांच्या कचाट्यात सापडलेली चौदा-सोळा वर्षांची पोरं. दुकानात या फळीवर ‘डिस्टोपियन’ अशी पाटी असते. मी परळच्या एका शाळेत ग्रंथपाल होते, आता मुलुंडला आमच्या सोसायटीच्या खोलीत दर शनिवारी मुलांचं वाचनालय चालवते. ही पुस्तकं माझ्या कपाटात राहत नाहीत. परत येतात तीही कान दुमडून. तेव्हा या वेळची सगळी जागा त्यांनाच.

ताई, माझी मुलगी आठवीत आहे. मैत्रिणीकडून तिनं ‘द हंगर गेम्स’ आणलं. मी चाळलं आणि हादरले. मुलांना मैदानात सोडून एकमेकांना मारायला लावतात आणि ते टीव्हीवर दाखवतात! मी पुस्तक काढून कपाटात ठेवलं. ती तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. काय करू?
— एक आई, मुलुंड पूर्व

पुस्तक परत द्या. तिचं वाचून झालं की तुम्हीही वाचा, चाळू नका. चाळताना रक्त तेवढं दिसतं. सुरुवातीची जी पानं तुमच्या हातून सुटली असतील, गोष्टीचा जीव त्यांतच आहे.

पॅनेम नावाचा देश आहे. एक राजधानी, भोवती बारा जिल्हे. जिल्ह्यांनी कधीकाळी बंड केलं, ते चिरडलं गेलं, आणि त्याची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून १२ ते १८ वयोगटातली एक मुलगी आणि एक मुलगा चिठ्ठी काढून निवडतात. एकूण २४ मुलं, जिवंत परतणार एक. बाराव्या वर्षी तुमच्या नावाची एक चिठ्ठी पडते, तेराव्या वर्षी दोन, असं करत अठराव्या वर्षी सात. इथपर्यंत नियम सगळ्यांना सारखा. पुढे मात्र एक पोटनियम आहे. घरात खायला नसेल तर नावाची एक जादा चिठ्ठी टाका आणि एका माणसापुरतं वर्षभराचं धान्य-तेल घ्या. घरातल्या प्रत्येक माणसासाठी अशी एक चिठ्ठी टाकता येते, आणि या चिठ्ठ्या वर्षानुवर्षं साचत जातात. म्हणून गोष्टीच्या नायिकेचं, सोळा वर्षांच्या कॅटनिसचं नाव त्या भांड्यात २० वेळा आहे. तिचा मित्र गेल १८ वर्षांचा, घरात खाणारी तोंडं जास्त, त्याचं ४२ वेळा. तिच्याच वयाच्या महापौरांच्या मुलीचं फार तर पाच वेळा.

हे वाचून आमच्याकडच्या एका मुलीनं विचारलं, “बाई, म्हणजे लॉटरीत चीटिंग आहे ना?” तेच तर नाही. कुणी चिठ्ठी बदलत नाही, कुणी लाच खात नाही, भांडं सगळ्यांसमोर ठेवलेलं असतं. तरीही भुकेल्या घरातलं पोर निघण्याची शक्यता कितीतरी जास्त. तेरा वर्षांच्या मुलीला हे स्वतःहून कळतं, गणितासकट कळतं, आणि तुम्ही ते पुस्तक कपाटात ठेवलंत.

मुलांचे बळी घेणाऱ्या गोष्टी आपण पोरांना सांगत नाही म्हणता? बकासुराची सांगतोच की. फक्त आपण ती घाईनं सांगतो. गाडाभर भात, दोन रेडे, गाडा नेणारा माणूस, आणि लगेच भीमाच्या जेवणावर येऊन हसतो. महाभारतात भीम निघण्याआधी त्या एकचक्रा नगरीतल्या घरात काय चालतं ते वाचा. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मला पाठवा. आणि बोबडं बोलणारा धाकटा गवताची काडी उचलून म्हणतो, मी ह्यानं राक्षसाला मारेन. त्यानंतर तो ब्राह्मण कुंतीला दोन गोष्टी सांगतो, त्या आपल्या सांगण्यातून हमखास गळतात. एक, इथला राजा दुबळा आहे, प्रजेला वाचवत नाही. दोन, आपल्या जागी धाडायला माणूस विकत घ्यावा तर माझ्यापाशी पैसा नाही. म्हणजे पाळी सगळ्या घरांवर येते, पण पैसा असेल तर तीही दुसऱ्याच्या गळ्यात घालता येते. गेलच्या ४२ चिठ्ठ्या आणि हे, काय फरक आहे सांगा.

लेखिका सुझन कॉलिन्स यांनी आपल्या गोष्टीचं मूळ ग्रीक पुराणात असल्याचं सांगितलं आहे. अथेन्समधून क्रीटच्या राजाकडे मुलंमुली पाठवायची आणि ती तिथे चक्रव्यूहातल्या बैलतोंड्या राक्षसाच्या तोंडी द्यायची, ही ती कथा. तिला जोड मिळाली टीव्हीची. एका रात्री त्या चॅनल बदलत होत्या. एकीकडे तरुणांची कसलीशी स्पर्धा, दुसरीकडे इराकच्या युद्धाची दृश्यं, आणि झोपाळलेल्या डोळ्यांसमोर दोन्ही एकमेकांत मिसळली. त्यांचे वडील हवाई दलात होते, व्हिएतनामच्या युद्धावर गेले होते. हे सांगते अशासाठी की मारामारीची हौस असलेल्या बाईनं हे लिहिलेलं नाही. २००८ सालचं हे पुस्तक, आणि त्यात एका लहान मुलीचा मृत्यू आहे तिथे माझ्याकडची दांडगी पोरंसुद्धा गप्प होतात.

मला स्वतःला पाचवी-सहावीच्या मुलांना हे द्यायला आवडत नाही. आठवीला चालेल. तिसरा भाग, ‘मॉकिंगजे’, नववी-दहावीपर्यंत थांबवता आला तर थांबवा. त्यात सरळ युद्धच आहे, आणि युद्धानंतर माणसाचं मन कसं मोडतं तेही. आणि वाचून झाल्यावर “काय शिकलीस?” असं विचारू नका. “आपण कुठल्या जिल्ह्यात असतो गं?” असं विचारा. आमच्याकडे यावर शनिवारभर वाद चालला. राजधानी मलबार हिल की बीकेसी, इथून सुरुवात झाली. शेवटी एक मुलगा म्हणाला, आपणच राजधानी. मुलुंडचं डंपिंग ग्राउंड २०१८ मध्ये बंद झालं तेव्हा आपल्या घरातल्या मोठ्यांनी हुश्श केलं, आणि कचरा जातो कांजूरला. खोलीत त्यावर कुणालाच उत्तर सुचलं नाही. मलाही नाही.

आम्ही साने गुरुजी वाचून वाढलो. आजच्या मुलांपुढे एवढा काळोख कशाला? यातून संस्कार ते काय होणार?
— एक आजोबा, गिरगाव

आजोबा, ‘श्यामची आई’ पुन्हा एकदा काढा. कर्जात बुडालेलं घर, सावकाराचा माणूस दारात येऊन आईचा अपमान करतो, आई आजारपणात जाते. गुरुजींनी ते लिहिलं १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात बसून. उजेडाचं पुस्तक म्हणून आपण ते लक्षात ठेवतो, पण आपण त्यावर रडलो होतो ते काळोखामुळेच.

तुमची तक्रार एका जागी मात्र मला पटते, तुम्ही ती तशी लिहिली नाहीत तरी. श्यामला आई आहे. या नव्या पुस्तकांतली मोठी माणसं बहुधा मेलेली असतात, खचलेली असतात, नाहीतर शत्रूला सामील. कॅटनिसचे वडील खाणीत जातात आणि आई त्या धक्क्यानं अंथरूण धरते. घर अकरा वर्षांच्या मुलीवर येऊन पडतं. आजोबा तर कुठल्याच गोष्टीत सापडत नाहीत. नातवाला हे बोलून दाखवा. माझा अंदाज, तो तुम्हाला एखादं पुस्तक आणून देईल.

बाई, मी नववीत आहे, मराठी माध्यम. इंग्रजी वाचतो पण हळू. वर्गातले सगळे या पुस्तकांबद्दल बोलतात. मी कुठून सुरुवात करू?
— नववी ब, दादर

लोइस लाउरी यांचं ‘द गिव्हर’. १९९३ सालचं, पुढच्या वर्षी त्याला अमेरिकेतलं न्यूबेरी पदक मिळालं. बारीकसं पुस्तक आहे, वाक्यं छोटी आहेत, आणि मारामारी जवळजवळ नाही.

जोनास नावाच्या मुलाचं गाव आहे. तिथे भूक नाही, भांडण नाही, कुणी आवाज चढवत नाही. उशिरा आलात की ठरलेल्या शब्दांत माफी मागायची, आणि बाकीच्यांनी ठरलेल्या शब्दांत माफ करायचं. नवव्या वर्षी प्रत्येकाला सायकल. बाराव्या वर्षी समारंभात सगळ्यांसमोर सांगतात की तू मोठेपणी अमुक काम करायचं. मुलं घाबरतात, पण कुणी वाद घालत नाही. तुझं दहावीचं वर्ष जवळ आलंय, ते पान तुला ओळखीचं वाटेल. या गावात काहीतरी नाहीये, आणि ते काय हे जोनासला ज्या क्षणी कळतं तो क्षण मी सांगणार नाही. सफरचंदाकडे लक्ष ठेव.

पहिली पंचवीस पानं शब्दकोश उघडू नको. अडलेला शब्द पुढे तीनदा येतो आणि आपोआप कळतो, आणि तीनदा आलाच नाही तर त्याच्यावाचून काही अडत नाही. रोज एक प्रकरण. शेवट अर्धवट वाटला तर माझ्यावर चिडू नको, तो तसाच आहे. आणि हो, हे पुस्तक शाळेतून काढून टाका अशी मागणी अमेरिकेतल्या पालकांनी वेळोवेळी केलेली आहे. हे सांगितल्यावर तू ते नक्की वाचशील.

आमच्या वर्गात कॅमेरा बसवलाय. हजेरी आईच्या मोबाइलवर जाते. मी सध्या ‘लिटल ब्रदर’ वाचतोय. आमची शाळा डिस्टोपिया आहे का?
— दहावी अ, घाटकोपर

नाही. तिथे गणिताच्या तासाला मागच्या बाकावर बसून तू हे पत्र लिहिलंयस, वहीच्या पानावरून दिसतं.

पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कोरी डॉक्टरोव यांच्या त्या कादंबरीत सॅन फ्रान्सिस्कोतला सतरा वर्षांचा मार्कस शाळेतल्या कॅमेऱ्यांना चकवायला बुटात खडे घालून चालतो, कारण ते कॅमेरे माणसाला चालीवरून ओळखतात. तू हा प्रयोग करू नकोस. तुमच्या कॅमेऱ्याला चाल ओळखता येत नसावी, पीटीच्या सरांना येते. त्यापेक्षा मार्कसची दुसरी सवय उचल. तो प्रत्येक यंत्राला विचारतो की तू कुणासाठी काम करतोस. वर्ग-प्रतिनिधीला धर आणि मुख्याध्यापकांना अर्ज द्या: चित्रण कोण बघतं, किती दिवस ठेवतात, आणि कुणी त्याचा गैरवापर केला तर तक्रार कुणाकडे करायची. अर्जाची भाषा सभ्य ठेवा, झेरॉक्सवर पोच घ्या. उत्तर मिळालं तर शाळा चांगली आहे. ‘हे विचारणारे तुम्ही कोण’ असं आलं तर मला पुन्हा लिही.

हे पुस्तक लेखकानं स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत ठेवलेलं आहे, तेव्हा मित्रांना देताना चोरटेपणा वाटून घेऊ नको.

या सगळ्या मालिकांचा तिसरा भाग फुसका का असतो?
— अकरावी वाणिज्य, बोरिवली

कारण पहिल्या भागात लेखकाला एक नियम सुचलेला असतो आणि तिसऱ्यात त्याला आख्खं राज्य चालवावं लागतं. ‘डायव्हर्जंट’ घे. शिकागो शहर, स्वभावावरून पाडलेले पाच गट, सोळाव्या वर्षी परीक्षा आणि मग एकच गट आयुष्यभरासाठी निवडायचा. कॉमर्स की सायन्स यावरून ज्यांच्या घरात महिनाभर धुसफूस चालली त्या मुलांना पहिला भाग खाली ठेवता येत नाही. तिसऱ्या भागात मात्र शहराबाहेरून एक लांबलचक शास्त्रीय खुलासा येतो, आणि खुलासा आला की भीती गेली. मला तो भाग पुरा करायला नेट लावावा लागला. चित्रपटवाल्यांनी त्याचे दोन तुकडे करायचं ठरवलं, पहिला काढला, दुसरा कधी निघालाच नाही. ‘मॉकिंगजे’ मात्र फुसका नाही, तू तो घाईत वाचलायस. एकदा नीट वाच.

मराठीत असं काही का नाही?
— एक प्राध्यापिका, विलेपार्ले

अगदीच नाही असं नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, परीक्षकांवर आपल्या नावाचं दडपण नको म्हणून, आणि पहिलं बक्षीस मिळवलं. (आद्याक्षरं उलटी करून बघा.) त्यांच्या ‘वामन परत न आला’मधला यंत्रमानव आजच्या मुलांच्या हातात द्या, तो जुना वाटत नाही. पण नारळीकरांच्या गोष्टीत धोका ओळखणारा माणूस बहुधा शास्त्रज्ञ असतो, मोठा असतो, त्याचं म्हणणं ऐकून घेणारं कुणी तरी असतं.

आणि आपली किशोरांची पुस्तकं? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे माझाही लाडका. बन्या सायकल हाणत चोरांच्या मागे लागतो, आणि शेवटी बहुतेक वेळा पोलीस येतात, पाठ थोपटतात. म्हणजे जग एकूण ठीक आहे, दोन-चार माणसं वाईट आहेत. या नव्या पुस्तकांत पाठ थोपटायला कुणी येत नाही, कारण ज्यानं यायचं त्यानंच तो नियम केलेला असतो. मराठी घरातला मुलगा किंवा मुलगी या जागी उभी करायला आपले लेखक बिचकतात असं माझं मत आहे. ‘मोठ्यांचं चुकतं’ इथवर आपण येतो. ‘मोठ्यांनी मुद्दाम असं ठरवलंय’ हे वाक्य किशोरांच्या मासिकात छापून आणायला संपादकाचा धीर लागतो. (आमचे संपादक हे वाचतीलच.)

मुंबईतलीच गोष्ट हवी असेल तर मंजुळा पद्मनाभन यांचं ‘हार्वेस्ट’ हे इंग्रजी नाटक बघा, १९९७ चं. एका खोलीतलं कुटुंब, नोकरी गेलेला मुलगा, आणि परदेशातल्या श्रीमंत गिऱ्हाइकाला अवयव देण्याचा करार. करार झाला की घरात काय खायचं, कसं राहायचं हे ते गिऱ्हाईक ठरवतं. नाटकातलं ‘भविष्य’ होतं २०१० साल! सोळाच्या खाली देऊ नका. पण तुमच्या कॉलेजातल्या मुलांकडून त्याचं मराठीत वाचन करून घ्या, अगदी एका अंकाचं. सासू-सुनेची कुरबुर आपल्या भाषेत किती सहज बसते ते कळेल.

बाई, मी अकरावीत आहे, शिवडीला राहते. कादंबरी लिहितेय. सन २१२०, समुद्र वाढलाय, मुंबईची पुन्हा सात बेटं झालीत. ४० पानं झाली. मैत्रीण म्हणते, अजून काही घडलंच नाही. पहिलं प्रकरण पाठवतेय.
— शिवडी

तुझी मैत्रीण चांगली वाचक आहे, तिला सोडू नको.

४० पानांत तू बुडालेलं सीएसएमटी दाखवलंस, बुडालेली राणीची बाग दाखवलीस, सी-लिंकच्या तारांवर बसलेले पक्षी दाखवलेस. छान लिहितेस. पण पाणी कुणाशी वाईट वागत नाही, ते नुसतं वाढतं. भीती वाटते ती त्या पाण्यात कुणी काढलेल्या हुकुमाची. म्हणून आधी एक नियम शोध. एकच.

तो तुझ्या घराजवळच आहे. मुंबईतलं पावसाचं पाणी गटारांतून समुद्रात जातं, आणि भरतीच्या वेळी समुद्र ते घेत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, त्यातच भरती आली. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस, आईला विचार ती कुठे अडकली होती. भरतीच्या वेळी पाणी उपसून बाहेर फेकायला महापालिकेची पंपिंग स्टेशनं आहेत: हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, इर्ला, गझदरबंध, आणि रे रोडचं ब्रिटानिया. आता तुझं २१२० साल. स्टेशनं सहा, वीज चारांपुरती. दर मे महिन्यात एक यादी लागते, या पावसाळ्यात कुठली दोन बंद. बस. तुझी कादंबरी इथून सुरू होते. यादी कोण करतं? वस्तीला गुण कशाचे मिळतात, कर भरल्याचे की तक्रार न केल्याचे? ब्रिटानिया सलग कितव्या वर्षी यादीत आलंय? आणि यादी टाइप करणारी बाई शिवडीचीच असेल तर?

यादी करणाऱ्यांना दुष्ट करू नको, मिशांना पीळ देणारा खलनायक नको. त्यांच्याकडे खरं कारण असू दे. वीज खरंच कमी आहे, कुणाला तरी बुडावंच लागणार आहे. हे कसं दिसतं ते बघायला पुढच्या काळात जायची गरज नाही, मागे जा. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकाशिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. मग घरांत शिरून तपासणी, आजाऱ्याला उचलून इस्पितळात, बाकीच्यांना छावणीत, ऊन आत यावं म्हणून छपरांची कौलं उतरवलेली, स्टेशनांवर उतारूंची तपासणी. लोक शहर सोडून गावाला पळाले. साथ खोटी नव्हती, माणसं खरोखर मरत होती, आणि तपासणीला येणाऱ्यांतले कितीतरी जण आपण जीव वाचवतोय याच समजुतीत होते. १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट निघाला, त्यानं दाट वस्त्या पाडल्या आणि पुढे दादर-माटुंग्याच्या बाजूला आखीव रस्ते, झाडं, हवेशीर घरं आली. आजही आपण तिथून जाताना ‘काय सुरेख भाग आहे’ म्हणतो. ज्यांची घरं पाडली ते कुठे गेले, ही कादंबरी अजून कुणीतरी लिहायची आहे. आणि तो १८९७ चा कायदा २०२० मध्ये पुन्हा बाहेर आला तेव्हा तू शाळेत होतीस. जिन्याला लावलेली पट्टी आणि इमारतीखालचा पोलीस तुला आठवत असेल. ते लिही. सव्वाशे वर्षांपूर्वीचं आणि तुझं, दोन्ही आहे तुझ्याकडे.

दुसरं, नायिकेला काम दे. ‘शिप ब्रेकर’ नावाची पाओलो बाचीगालुपी यांची कादंबरी आहे, २०१० ची. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, समुद्र वाढल्यानंतरच्या काळात, नेलर नावाचा मुलगा मोडीत निघालेल्या जहाजांच्या नळ्यांत सरपटत शिरून तांब्याच्या तारा काढतो. त्याची भीती साधी आहे: आपण वाढतोय, उद्या त्या नळीत मावणार नाही, मग काम जाणार. राज्य उलथवायची त्याला सवडच नाही. तू दारूखान्यापासून किती लांब राहतेस? तिथे जहाजं फोडतात, तुझ्या घरात किंवा शेजारी त्या कामाचं कुणी असेलच. त्यांच्याशी बोल. गॅसकटरचा वास, हाताला येणारे चटके, मुकादमाची शिवी, हे तुला फुकट मिळतंय. अमेरिकेतल्या लेखकाला ते शोधत जावं लागलं असतं.

तिसरं, नावं. तुझी नायिका ‘कायरा’, आणि ती ‘सेक्टर सात’मध्ये राहते. शिवडीची पोरगी ना ती? तुमचा वॉर्ड एफ दक्षिण. हुकूमशाही राज्यातल्या तुकड्याला याहून भयाण नाव तुला शोधून सापडणार नाही, ते तसंच वापर. आणि ती आजीशी बोलताना “हे तू कसं करू शकतेस?” म्हणते, ते डबिंग केलेल्या सिनेमातलं आहे. तुझ्या घरात असं कोण बोलतं? “आजी, तू पण ना!” एवढंच म्हणेल ती, आणि रागानं भांडी आपटेल.

समुद्राचं वर्णन दहा ओळींत बसव. यादी लागली त्या दिवसापासून लिहायला घे आणि पहिली १५ पानं पाठव. यावेळी ओळींमध्ये जागा सोड, माझे डोळे आता अकरावीतले नाहीत.

ही सगळी पुस्तकं नवीन घेतली तर खिसा रिकामा. स्वस्तात कुठे मिळतील?
— एक बाबा, चेंबूर

फाउंटनच्या फुटपाथवर आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलपाशी जुन्या पुस्तकांचे विक्रेते आहेत. या मालिका तिथे हमखास असतात, कारण पोरं त्या वाचून होताच विकतात. पहिला भाग नेहमी मिळतो, दुसऱ्यासाठी फिरावं लागतं. दुकानदाराला नाव सांगून ठेवा. वाचून झाल्यावर परत घेणार का आणि कितीला, हे घेतानाच बोलून घ्या, बरेच जण घेतात. मराठी पुस्तकांसाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं, तिथे मुलाला एकदा नुसतं फिरवून आणा. पावसाळ्यात फुटपाथवरची पुस्तकं ताडपत्रीखाली असतात. घेण्याआधी मधली पानं उघडून बघा, चिकटलेली निघतात.